बेटावरची दुसरी खेप

भागरता,

तुला जाऊन अकरा दिवस झाले. कालपर्यंत मी घाटाकडची खिडकी उघडली नव्हती. थंडी आहे, वारा येतो, असं स्वतःलाच सांगत होते. खरं कारण तुला माहीत आहे. त्या खिडकीतून नदी दिसते, आणि नदीची मला भीती वाटते. या गावात शिक्षिका म्हणून आले त्या दिवसापासून वाटते. तू होतीस तोवर त्या भीतीला हसणारं कुणीतरी होतं.

लोक तुझ्याविषयी बोलतात ते मी ऐकते. कुठल्या गावची, नवरा कधी वारला, घाट किती वर्षं सांभाळला. ते सगळं त्यांच्याजवळ राहू दे. मला तुझ्याशी दुसरंच बोलायचं आहे. तीन वर्षं बोलायचं होतं आणि बोलले नाही, ते.

आपली पहिली भेट आठवते? मी सेवाग्रामहून शिकून नवीनच आले होते. मुलींचा वर्ग उघडायचा होता आणि पटावर चारच नावं होती. घरोघरी फिरत मी घाटावर पोचले. तू धाकट्या नावेच्या फटीत कापूस ठोसून वरून राळ लावत होतीस आणि तुझी कौसा शेजारी बसून राळेचं भांडं ढवळत होती. मी म्हणाले, मुलीला शाळेत पाठवा. तू वर न बघता म्हणालीस की पाठवीन, पण बाईंनी आधी एकदा नावेत बसून दाखवावं. मी हसून टाळायला बघितलं. तू हसली नाहीस. शेवटी मी बसले, दोन्ही हातांनी फळी धरली आणि डोळे मिटले. पलीकडचा काठ येईपर्यंत उघडले नाहीत.

"काऊन वो बाई," तू विचारलंस, "समुद्रपूरच्या तुमी, अन् पान्याले भेता?"

मी तुला सांगितलं की आमच्या गावाच्या नावातच काय तो समुद्र आहे, बाकी मी पाणी पाहिलं ते विहिरीचं, तेही वरून. तेव्हा तू खळखळून हसलीस. दुसऱ्या दिवशी कौसा पाटी घेऊन आली. तिच्यामागून घाटावरच्या आणखी सात मुली आल्या. तू त्यांच्या आयांना काय सांगितलंस ते मला कधी कळलं नाही.

त्या वेळी घाट चालता होता. पलीकडे यवतमाळकडची गावं, अलीकडे आपण. बाजाराच्या दिवशी मोठ्या नावेत बैलगाड्या बैलांसकट चढायच्या. तुझा नवरा रामा गेल्यावर भाऊबंद म्हणाले, बाईमाणसाचं हे काम नाही, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तू बांबू घेऊन नावेत उभी होतीस. हे मी आल्यावर ऐकलं. पण पावसाळ्याच्या तोंडाशी, लांब बांबू छातीशी धरून पाण्यात रेटत तू नाव सरळ रेषेत पलीकडे नेताना मी स्वतः पाहिलं आहे. खिडकीतून पाहिलं. मी खिडकीचा गज घट्ट धरून ठेवायची आणि तू मात्र कुणाशी तरी लग्नाच्या गोष्टी करत असायचीस.

मग वरच्या अंगाला पूल झाला. मोटार सुरू झाली. एका हंगामात घाट ओस पडला. मोठी नाव काठावर ओढून बाभळीखाली उपडी घातली, आणि शेळ्या तिच्या सावलीत बसायला लागल्या. धाकटीचं काय करायचं असं सगळे विचारत होते. तू कुणाला काही न सांगता रस्त्याच्या कामावरून डांबर मागून आणलंस, तिच्या फटी नव्याने भरल्यास आणि ती पाण्यातच ठेवलीस. म्हणालीस, माणसांना आता पलीकडे जायचं काम नाही, पण पाण्यात बसायची हौस तर राहील. आणि खरंच, लोक यायला लागले. माहेरवाशिणी यायच्या, नव्या नवऱ्या यायच्या. नागपूरहून आलेले पाहुणे नाव म्हटली की धोतर सावरत घाटावर धावायचे. नदीतल्या डोहाला एक वळसा, मधल्या बेटावर थोडं थांबणं आणि परत. कुणी धान्य द्यायचं, कुणी नुसती सुपारी. म्हाताऱ्या झालेल्या नावेला तू पोरीबाळींच्या कामाला लावलंस.

मला तू दर महिन्याला बोलवायचीस आणि मी दर महिन्याला काही कारण काढायची. वह्या तपासायच्या आहेत, डोकं दुखतं आहे. तू माझी कारणं ऐकून घ्यायचीस आणि माझ्या दारच्या पायरीवर बसून पान खायचीस. तुला वाचता येत नव्हतं, मला पोहता येत नव्हतं. आपण दोघी एकमेकींना शिकवायचं ठरवलं होतं. तू बाराखडीच्या अर्ध्यापर्यंत पोचलीस. मी घोट्याच्या वर पाण्यात कधी गेले नाही.

आणि मग कार्तिकातलं ते आवळीभोजन.

मुलींनीच हट्ट धरला. बेटावर आवळीचं झाड आहे, तिथे जाऊन जेवायचं. मी नको म्हणणार होते. पण बारा मुली एकदम माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांच्यासमोर मला भित्री ठरायचं नव्हतं. मी हो म्हटलं. मुलींच्या आयांपैकी गिरजाकाकू आणि सुभद्रा सोबत आल्या, आणि शाळा संपवून तुझ्या हाताखाली लागलेली कौसाही. तू दोन खेपा करून सगळ्यांना सकाळी बेटावर सोडलंस. ऊन छान होतं, पाणी तळ दिसेल इतकं नितळ होतं, आणि मी पहिल्यांदाच डोळे उघडे ठेवून बसले होते. तू ते पाहिलंस आणि काही बोलली नाहीस. तेवढ्यानेही मला बरं वाटलं.

गिरजाकाकूंनी गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे घातले. वरण शिजत होतं. मुली आवळे पाडत होत्या. मी झाडाला टेकून बसले होते आणि मनात परतीच्या प्रवासाचाच विचार होता. येताना निभावलं, जाताना निभेल का?

तू पाण्याच्या कडेला गेलीस, ओंजळभर पाणी घेऊन नाकाशी धरलंस आणि तशीच उभी राहिलीस. मग माझ्याकडे आलीस. हळू आवाजात, मुलींना ऐकू जाणार नाही असं बोललीस.

"बाई, आताच निघा लागते. वरून पानी येऊन राह्यलं."

मी आभाळाकडे पाहिलं. स्वच्छ होतं. मी तसं म्हणाले. तू सांगितलंस की पाऊस वर डोंगरात कुठेतरी झाला असेल, पाण्याला मातीचा वास आहे, आणि सागाची पानं वाहत यायला लागली आहेत. मी पाहिलं तर खरंच दोन-चार पानं वाहत होती. दोन-चार पानं! मी म्हणाले, मुली उपाशी आहेत, रोडगे होऊ दे, अर्ध्या तासाने निघू. तू पुन्हा सांगितलंस. या वेळी आवाज थोडा चढला आणि मुली आपल्याकडे बघायला लागल्या.

आणि मग मी ते बोलले. पुस्तकी भाषेत बोलले, साहेब शाळा तपासायला येतात तेव्हा बोलते तशी.

"या शाळेच्या मुली आहेत. तुझ्या घाटाचे उतारू नाहीत. केव्हा निघायचं ते मी ठरवीन."

भागरता, मला मुलींच्या भुकेची काळजी नव्हती. मला नावेत बसायचं नव्हतं. अर्धा तास मिळाला तर तो अर्धा तास मी जमिनीवर असणार होते. इतकंच. तू माझ्या तोंडाकडे पाहिलंस आणि तुला ते समजलं असणार, कारण तू वाद घातला नाहीस. तू जाऊन नावेची दोरी उंचावरच्या मुळीला बांधलीस आणि पाण्याकडे तोंड करून बसलीस.

आम्ही जेवलो. मला चव लागली नाही.

बेटाच्या कडेला एक काळा दगड आहे. सकाळी मुली त्याच्यावर चढून बसल्या होत्या. जेवण उरकलं तेव्हा त्याचा माथाच तेवढा दिसत होता. पाणी लाल झालं होतं. आवाजही बदलला होता. आधी नुसता खळखळाट होता, आता खाली कुणीतरी जातं ओढतंय असा घरघरता आवाज येत होता. पलीकडच्या अंगाला, जिथून सकाळी गुडघाभर पाण्यातून गुरं चालत गेली होती, तिथे फेस उसळत होता. तू उठून आलीस. मला काही विचारलं नाहीस. पुराच्या पाण्यात हे बेट राहत नाही, झाडाचा शेंडा तेवढा दिसतो, हे तू गिरजाकाकूंना सांगितलंस आणि लहान मुलींना ओळीने उभं केलंस.

नावेत एका वेळी आठ-नऊ जणी मावायच्या. म्हणजे दोन खेपा. कुणीतरी मागे राहणार होतं.

आता जे लिहायचं आहे त्यासाठी मी आज सकाळपासून कागद पुढे घेऊन नुसती बसले होते. तू नाव कडेला लावलीस, आणि पहिलं पाऊल मी टाकलं. माझ्या हाताला लहानगी यमुना लागली, तिला मी बाजूला सारलं. जाणूनबुजून नाही, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मी पाहिलं होतं की ती यमुना आहे, आणि तरीही सारलं. तेव्हा माझ्यापुरती कुणी शिक्षिका नव्हती, कुणी मुली नव्हत्या. वाढणारं पाणी होतं आणि नावेतली एक जागा.

तू बांबू आडवा धरलास. माझ्या छातीला लागला.

"लेकरं पयले, बाई."

रागावून नाही बोललीस. कुणाला जेवायला बसवताना पंगत सांगावी तसं बोललीस. मी मागे सरले. आठ लहान मुली आणि सुभद्रा नावेत बसल्या. त्यातल्या दोघी वळून माझ्याकडे बघत होत्या.

नाव गेली आणि आम्ही सात जणी उरलो. चार मोठ्या मुली, गिरजाकाकू, कौसा आणि मी. तू कौसाला का मागे ठेवलंस ते मला तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, स्वतःची पोर बेटावर असली की नावाडीण परत येते, याची आम्हाला खात्री पटावी म्हणून. ते तुला विचारायचं राहिलंच.

डोहात बांबू पुरत नव्हता. तू वल्हं मारत होतीस आणि नाव तिरकी होऊन खाली खाली जात होती. इथे काळा दगड पूर्ण बुडाला. चुलीपर्यंत पाणी आलं, विस्तव फसफसला आणि उरलेले दोन रोडगे तरंगत निघून गेले. आम्ही झाडाच्या बुंध्याशी गोळा झालो. मुंग्यांची रांग आमच्या पायांवरून बुंध्यावर चढायला लागली, मुंग्याही आमच्यासारख्याच पळत होत्या. मुली रडत नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या, की बाई काही सांगतील. शेवटी गिरजाकाकूंनी भुलाबाईचं गाणं सुरू केलं आणि मुलींनी त्यांच्यामागून म्हटलं. मी ओठ हलवत होते, आवाज निघत नव्हता.

गाणी संपायच्या आत तू परत आलीस. गावातली माणसं कापूस वेचायला लांबच्या शेतात गेली होती. सुभद्रा त्यांना बोलवायला धावली होती. तू एकटीच होतीस. नावेत पाणी होतं, पण लाटांनी उडालेलं असेल, असं मी समजले. तू मुलींना कडेला बसवलंस, कौसाच्या हातात वरणाचं पातेलं दिलंस आणि पाणी उपसायला लावलंस. तळाशी तू तुझी घोंगडी चौघडी करून ठेवली होतीस. मला म्हणालीस, "इथं बसा. काई झालं तरी उठू नका."

मी बसले. घोंगडी थंडगार ओली होती. मी दोन्ही हातांनी फळी धरली आणि डोळे मिटले.

नाव किती वेळ पाण्यात होती ते मला सांगता येणार नाही. एकदा काहीतरी जोरात धडकलं, ओंडका असावा, आणि मुली किंचाळल्या. एकदा नाव गोल फिरली. कुणीतरी माझा खांदा घट्ट पकडला. माझ्या खालून पाणी वर येत होतं, लुगडं भिजून अंगाला चिकटलं होतं, आणि मला वाटत होतं की ते माझं स्वतःचंच, भीतीने झालेलं आहे. लाजेने मी अजून घट्ट बसले. तुझा आवाज मधूनमधून येत होता. उपस कौसा. उपस. काकू, डाव्या अंगाले सरका. बाई, उठू नका.

घाट कधीच मागे राहिला होता. खालच्या वळणावर, जिथे बाभळी पाण्यावर झुकल्या आहेत, तिथे तू एक फांदी पकडलीस. दोन्ही हातांनी पकडलीस, काट्यांसकट, आणि नाव तुझ्या हातांच्या जोरावर थांबली. माणसं दोर घेऊन काठाकाठाने पळत येत होती. एकेक मुलगी तुझ्या पाठीवरून, खांद्यावरून काठावर गेली. मग काकू. मग कौसा. मी डोळे उघडले तेव्हा नावेत तू आणि मी होतो आणि तुझ्या मनगटांवरून रक्त ओघळत होतं.

"आता उठा," तू म्हणालीस.

मी उठले आणि माझ्या खालून पाण्याचा लोट हातभर वर आला. तळाची फळी फाटली होती. पहिल्या खेपेतच फाटली होती. तू तिच्यावर घोंगडी टाकलीस, घोंगडीवर मला बसवलंस आणि पूर ओलांडलास.

मी काठावर चिखलात बसले होते. कुणीतरी तुझे काटे काढत होतं. तू माझ्याकडे बघून हसलीस. म्हणालीस, "दुसरी कोनी असती त उठून पाह्यली असती. तुमाले भेव होतं म्हनून हाल्ल्या नाई. तुमच्या भेवानं वाचलो, बाई."

भागरता, माझ्या भीतीविषयी इतकं चांगलं कुणी कधी बोललं नाही. आणि दुसऱ्याच दिवशी मी त्याची कशी परतफेड केली!

चावडीवर माणसं जमली. मुलींचे बाप रागात होते, आणि ते साहजिक होतं. सरपंचांनी विचारलं की पाणी वाढत होतं तर वेळेवर का निघाला नाहीत, थांबा कुणी म्हटलं. मी भिंतीशी उभी होते. शिक्षिकेच्या हलगर्जीने बारा मुली बुडता बुडता वाचल्या असं वर कळलं असतं तर माझी बदली ठरलेली होती, कदाचित नोकरीही गेली असती. सगळ्यांत जास्त भीती मला दुसऱ्याच गोष्टीची होती. थांबण्याची गोष्ट निघाली की पाठोपाठ यमुनाची गोष्ट निघणार होती.

तू हातांना फडकी बांधून पुढे बसली होतीस. माझ्याकडे वळून पाहिलंही नाहीस.

"म्याच म्हनलं," तू म्हणालीस. "म्हनलं, रोडगे होऊ द्या, मंग निघू."

एक वाक्य होतं. माझ्या तोंडात होतं. मी ते गिळलं.

ठरलं की धाकटी नाव आता धोक्याची आहे, ती मोडायची. सुताराला दोन दिवस लागले. माझी शाळा चालू होती आणि फळ्या उकलल्याचा आवाज वर्गापर्यंत येत होता. मुली पाढे म्हणताना थांबायच्या. मी छडी आपटून पुढे म्हणायला लावायची. त्या संध्याकाळी मी घाटाकडची खिडकी लावून घेतली.

त्यानंतर तू दुसऱ्यांच्या शेतात वेचणीला जायला लागलीस, रस्त्याच्या खडीवर गेलीस. फांदीने फाटलेल्या तळव्यांनी खडी फोडायचीस. रस्त्यात भेटलीस की थांबायचीस, माझ्या आईची तब्येत विचारायचीस. माझ्या पायरीवर बसायला मात्र कधी आली नाहीस आणि मीही बोलावलं नाही. एकदा बाजारात मी धीर करून सुरुवात केली. म्हणाले, भागरता, त्या दिवशी चावडीवर... तू मला पुरतं बोलू दिलं नाहीस.

"पोरी शाळंत येतात ना? मंग झालं."

मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू. मी घरी येऊन पोटभर जेवले. त्या हलकं वाटण्याची मला आज सगळ्यांत जास्त लाज वाटते.

मग या पौषात तुला ताप भरला. कौसा सांगत होती, चार दिवस अंगावर काढलास. पाचव्या दिवशी दवाखान्यात न्यायला निघाले. गाडी पुलावर चढली तेव्हा तुझा श्वास चालू होता, पूल उतरली तेव्हा थांबला होता. मला निरोप आला तेव्हा मी फळ्यावर अपूर्णांकांची उदाहरणं लिहीत होते. मी वर्ग सोडला नाही. उदाहरणं पुरी केली. भीती वाटत होती की तुझ्या चेहऱ्याकडे बघितलं तर तू विचारशील.

काल दहावा होता. मी गेले. तीन वर्षांनी घाट उतरले, प्रत्येक पायरी हाताने चाचपत. नदी शांत होती, तळ दिसत होता. बायका एका अंगाला बसल्या होत्या. विधी आटोपला, लोक उठायला लागले. आता बोलले नाही तर कधीच बोलणार नाही हे मला कळत होतं. मी उभी राहिले. तुझ्यासाठी धैर्य आलं असं नाही, भागरता. न बोलता आणखी एक दिवस काढायची भीती जास्त झाली होती, म्हणून.

मी सांगितलं. थांबा मी म्हटलं होतं, तिने नाही. तिने दोनदा सांगितलं होतं आणि मी तिचा अपमान केला. चावडीवर ती खोटं बोलली आणि मी ऐकत उभी राहिले. यमुनाचंही सांगितलं. यमुना समोरच बसली होती, आता अकरा वर्षांची. ती खाली बघत होती.

मला वाटलं, आता शिव्या येतील. तशी वाट बघत मी उभी होते. गिरजाकाकूंनी पदराने तोंड पुसलं.

"आमाले माहीत हाये, बाई," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी पोरीयनं घरी सांगतलं. साऱ्या गावाले माहीत हाये."

मग त्यांनी मला जे सांगितलं ते तू मला कधी कळू दिलं नाहीस. त्या रात्रीच तू हातांना फडकी बांधून घरोघर गेली होतीस. बारा घरी. प्रत्येक घरी एकच म्हणालीस, की बाईंचं नाव घेऊ नका. बाई गेल्या तर दुसरी बाई या गावात येणार नाही, शाळा जाईल आणि पोरी घरी बसतील. चावडीवर विचारणाऱ्यांना उत्तर ठाऊक होतं. सरपंचांनासुद्धा ठाऊक होतं, त्यांची नातही पहिल्या खेपेत होती. सगळं गाव माझ्यासमोर तीन वर्षं गप्प बसलं होतं, आणि मी समजत होते की मी लपले आहे. खिडकी लावून घेतलेल्या माणसाला वाटतं, आपण कुणाला दिसत नाही.

मी खाली बसले. वाटलं, इतकंच असेल तर तू मला क्षमा केली होतीस. पण कौसा माझ्याजवळ आली. तुझ्यासारखीच सरळ बघते ती. अठराची झाली आहे. माझ्या हातची शिकलेली आहे, पण मला खूश करायला बोलत नाही.

"मायले राग होता तुमचा," ती म्हणाली. "नाव मोडली त्याचा नाई. तुमी पुन्हा घाटावर आल्या नाई, त्याचा. म्हने, नाव गेली, आता बाईबी गेली."

भागरता, हे तू मला का नाही सांगितलंस? मी चावडीचं ओझं घेऊन फिरत होते, आणि तू एवढंच बघत होतीस की मी घाटाची पायरी उतरून येते का. माझी भीती तुला पहिल्या दिवसापासून माहीत होती, तिला तू नावं ठेवली नाहीस. तिच्यामागे मी तुलाच सोडून दिलं, ते तुला लागलं. बाजारात तू मला थांबवलंस तेव्हा मी म्हणायला हवं होतं की नाही, झालं नाही, घाटावर चल, बसून बोलू. तुझी बाराखडी अर्धी राहिली होती.

कौसाने मासे धरायला एक लहानसा डोंगा घेतला आहे. दोन माणसांपुरता. तो काठाला होता. तिने विचारलं, पिंड डोहात सोडायचे आहेत, बसता का? बायका माझ्याकडे बघत होत्या. मी नाही म्हणाले असते तरी कुणी काही म्हटलं नसतं. त्यांना सवय झाली आहे.

मी बसले. दोन्ही हातांनी कड धरली. डोंगा हलला. वाटलं, तळ फाटणार, आत्ता फाटणार. मी सारखी पायांखाली बघत होते. कौसा बांबू रेटत होती. बेट समोर होतं, आवळीला नवे आवळे लागलेले दिसत होते. डोहाच्या मध्यावर तिने पिंड माझ्या हातात दिले. ते सोडायला मला एक हात मोकळा करावा लागला. केला. पिंड पाण्यात विरघळत खाली गेले. मला तुला मोठ्याने काही म्हणायचं होतं, क्षमा वगैरे. जमलं नाही.

डोंगा परत काठाला लागला. कौसाने उतरून मला हात दिला. वर बायका उभ्या राहून वाट बघत होत्या. मी तिचा हात धरला, पण उठले नाही. तिला म्हणाले, अजून एक फेरी मार.